वरच्या मजल्यावरचे हॅम केंद्र: अँटेनाचे अर्थिंग आणि फीडलाइन, टप्प्याटप्प्याने

हौशी रेडिओच्या जुन्या पुस्तकांत केंद्र उभारणीचे जे चित्र असते, त्यात खिडकीबाहेर अंगण असते, अंगणात तांब्याचा रॉड ठोकलेला असतो आणि त्या रॉडपासून टेबलावरच्या संचापर्यंत हातभर लांबीची जाड पट्टी आलेली असते. पुण्या-मुंबईत किंवा नाशिक-कोल्हापुरात सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नव्या परवानाधारकाला हे चित्र लागू पडत नाही. तरीही तो त्याचेच अनुकरण करायला जातो, खिडकीतून एक लांब तार बागेत सोडतो, तिथे रॉड ठोकतो आणि अर्थिंग झाले असे समजतो. मग प्रेषण सुरू करताच माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लागला की चटका बसतो, संगणकाचा माउस गोठतो आणि एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणाऱ्या आकड्याचा) काटा केबलला हात लावला तरी हलतो.

या लेखातले मुख्य सांगणे एवढेच आहे की वरच्या मजल्यावरून जमिनीपर्यंत नेलेली तार रेडिओ लहरींच्या दृष्टीने 'अर्थ', म्हणजे जमिनीशी जोडणी, ठरत नाही. म्हणून अँटेनाच असा निवडावा की त्याला जमिनीची गरज पडणार नाही, आणि अर्थिंग मात्र जिवाच्या व उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी काटेकोरपणे करावे.

सुरुवातीपूर्वी जवळ ठेवायच्या गोष्टी

कागदपत्रे: दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) शाखेने दिलेला चालू परवाना आणि त्याची प्रत, गच्ची, बाहेरची भिंत किंवा आवारातले झाड वापरायचे असल्यास सोसायटीच्या सचिवांच्या नावे अर्ज, तार कुठून कुठे जाणार आणि लोकांच्या डोक्यापासून किती उंचीवर राहणार हे दाखवणारा हाताने काढलेला आराखडा, इमारतीला इजा झाल्यास दुरुस्ती करून देण्याचे हमीपत्र. तोंडी परवानगीवर काम सुरू करू नका. समिती बदलली की तोंडी परवानगीला काही अर्थ उरत नाही.

साहित्य: मल्टीमीटर, एसडब्ल्यूआर मीटर किंवा नॅनोव्हीएनए (अँटेना मोजणारे छोटे उपकरण), ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती जिरवणारा रोध), कोॲक्स केबल (संच आणि अँटेना जोडणारी फीडलाइन, जिच्यात मधल्या तारेभोवती जाळी असते) आणि तिचे पीएल-२५९ कनेक्टर, फेराइटचे (चुंबकीय सिरॅमिकचे) एक मोठे कडे, १.५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी आवरणाची लवचिक वायर, उन्हात न कुजणारी दोरी, स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, सिलिकॉन आणि भिंतीला भोक पाडणारे ड्रिल.

१. अर्थची तीन कामे वेगवेगळी ओळखा

'अर्थ' या एका शब्दाखाली तीन निराळी कामे येतात आणि नवख्यांचा बहुतेक गोंधळ ती एकत्र मानल्यामुळे होतो. पहिले काम विजेच्या सुरक्षिततेचे. पॉवर सप्लायच्या आत फेजची तार सुटून पेटीला लागली, तर विद्युत प्रवाह अर्थच्या तारेतून परत जाऊन एमसीबी किंवा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) ताबडतोब पडला पाहिजे. दुसरे काम आकाशातल्या विजेचे आणि अँटेनावर साचणाऱ्या स्थिर विद्युतभाराचे. तिसरे काम रेडिओ लहरींचे, म्हणजे अँटेनात जेवढा प्रवाह जातो तेवढाच दुसऱ्या बाजूने परत येण्याची वाट देण्याचे.

पहिल्या कामासाठी लांब तार चालते, तिसऱ्यासाठी चालत नाही, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. सरळ तारेचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) ढोबळमानाने मीटरला एक मायक्रोहेन्री धरता येते. तीन मीटर तारेचा त्यामुळे होणारा अडथळा ५० हर्ट्झला जेमतेम एक मिलिओहम असतो, पण १४ मेगाहर्ट्झला तोच अडथळा सुमारे २६० ओहम होतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली जाणारी तार साधारण दहा मीटर भरते, आणि ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग साडेदहा मीटर आहे. पाव लहरीच्या तारेचे एक टोक जमिनीला जोडले की दुसऱ्या टोकाला, म्हणजे नेमके तुमच्या टेबलावर, अडथळा कमी होण्याऐवजी प्रचंड वाढतो. तार जाड केली, जमिनीत दोन रॉड ठोकले, मीठ-कोळसा घातला, तरी या गुणधर्मात फरक पडत नाही. उलट ती तारच अँटेनाचा भाग होऊन लहरी फेकू लागते आणि घरातल्या प्रत्येक चार्जरचा खरखराट गोळा करून संचात आणते.

२. घरातले विजेचे अर्थिंग आधी तपासून घ्या

रेडिओ टेबलावर ठेवण्यापूर्वी हे काम करावे. तीन पिनांच्या सॉकेटकडे तोंड करून पाहिले, वरचे मोठे भोक अर्थचे धरले, तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असायला हवा. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तितकेच आणि न्यूट्रल-अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट दिसावेत. न्यूट्रल-अर्थमध्ये पन्नास-साठ व्होल्ट दिसले, तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे असे समजून पुढचे काम थांबवा. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसल्याचे सर्रास आढळते.

इथे दोन सापळे आहेत. निऑनचा टेस्टर फेजवर पेटला म्हणजे अर्थिंग चांगले, असा अनेकांचा समज असतो. टेस्टर अर्थिंगविषयी काहीही सांगत नाही. दुसरे म्हणजे मल्टीमीटरला मोजण्यासाठी अगदी नगण्य प्रवाह लागत असल्यामुळे गंजून नावापुरत्या टेकलेल्या अर्थवरही तो २३० व्होल्ट दाखवतो. अर्थ खरोखर प्रवाह वाहून नेऊ शकते की नाही, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून लूप टेस्टरने तपासून घ्यावे. आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरचा आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या. त्याच्यावरचे टेस्टचे बटण दाबल्यावर तो पडला, तर तो स्वतः ठीक आहे एवढेच सिद्ध होते. अर्थिंगची परीक्षा त्यातून होत नाही.

सॉकेटचे अर्थिंग चांगले निघाले, तर टेबलाच्या मागच्या कडेला तांब्याची एक पट्टी बसवा. पॉवर सप्लाय, संच, ट्यूनर (अँटेना संचाशी जुळवून घेणारी पेटी) आणि मीटर यांच्या मागे अर्थचा जो स्क्रू असतो, तिथून या पट्टीपर्यंत प्रत्येकाची शक्य तितकी आखूड तार आणा आणि पट्टी सॉकेटच्या अर्थला जोडा. सगळ्या पेट्या एकाच विद्युत पातळीवर राहिल्या की एका हाताने संच आणि दुसऱ्या हाताने ट्यूनर धरलेल्या माणसातून प्रवाह जाण्याचे कारण उरत नाही.

स्वयंपाकघरातल्या पाइप गॅसच्या नळीला अर्थ कधीही जोडू नका. पाण्याचे नळही आता बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसीचे असतात, तेव्हा तिथेही काही मिळणार नाही. बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलला तार बांधण्याचा मोह फार होतो, पण ग्रिलला घरातली मुले हात लावतात, आणि ग्रिलचे गंजलेले सांधे डायोडसारखे वागून शेजारच्या टीव्हीत आणि तुमच्याच संचात भलत्याच फ्रीक्वेन्सीचा गोंगाट निर्माण करतात.

३. जमिनीवर अवलंबून नसलेला अँटेना निवडा

गच्चीची परवानगी मिळाली, तर मधोमध फीड केलेला (केबल जोडलेला) अर्धलहरी डायपोल, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीची, दोन हातांत विभागलेली तार, उलट्या 'व्ही'च्या आकारात, हा माझ्या मते पहिल्या केंद्रासाठी सर्वांत निर्धोक पर्याय आहे. त्याचा एक हात दुसऱ्या हाताचा परतीचा मार्ग असतो, म्हणून जमीन तीन मीटरवर आहे की तीस मीटरवर, याच्याशी त्याला परतीच्या प्रवाहापुरते देणेघेणे नसते. मीटरमधली एकूण लांबी काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक हात १०.०७ मीटर. आवरण असलेली वायर वापरली तर प्रत्यक्ष लांबी यापेक्षा दोन-चार टक्के कमी लागते, पण सुरुवातीला तार थोडी लांबच कापा, कारण कमी करणे सोपे असते. मधला बिंदू पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर घ्या, दोन हातांमधला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका आणि टोके गच्चीवर फिरणाऱ्या माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर बांधा.

गच्ची मिळाली नाही आणि खिडकीसमोर नारळ, आंबा किंवा अशोकाचे झाड असेल, तर एका टोकाला फीड केलेली अर्धलहरी तार हा दुसरा मार्ग. सुमारे वीस मीटरची तार ७ मेगाहर्ट्झवर चालते आणि १४, २१ व २८ मेगाहर्ट्झवरही तिच्याकडून काम घेता येते. तिच्या टोकाचा अडथळा अडीच हजार ओहमच्या आसपास असल्यामुळे ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागतो. याचाच दुसरा अर्थ असा की १०० वॅटला त्या टोकाशी सुमारे ५०० व्होल्ट असतात. ट्रान्सफॉर्मर खिडकीच्या बाहेर, हात सहज पोहोचणार नाही असा बसवा आणि तार अॅल्युमिनियमच्या चौकटीपासून दूर ठेवा. झाडाकडची दोरी घट्ट बांधू नका. ती कप्पीवरून घेऊन तिला वजन लटकवा, म्हणजे वळवाच्या वाऱ्यात झाड डोलले तरी तार तुटत नाही.

समोर झाडही नसेल, तर बाल्कनीत छोटा चुंबकीय लूप (धातूच्या कड्याचा अँटेना) बसवता येतो. त्याला जमीन लागत नाही, पण त्याच्या कपॅसिटरवर दहा वॅटलाही हजार व्होल्टच्या पुढे दाब चढू शकतो, तेव्हा प्रेषण चालू असताना तो हाताने ट्यून करू नका. १४५ मेगाहर्ट्झच्या ग्राउंड-प्लेन अँटेनाचा प्रश्न सोपा आहे. त्याची 'जमीन' त्याच्याच बुडाशी असलेल्या सळ्यांच्या रूपाने सोबत असते.

अँटेना कोणताही असो, महावितरणच्या किंवा अन्य उघड्या विजेच्या तारांच्या वर, खाली किंवा जवळ तो बांधू नका. अँटेना किंवा त्याचा खांब कोणत्याही दिशेने पूर्ण लांबीने पडला, तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही, इतके अंतर हवे. झाडावर दोरी फेकतानाही हाच नियम पाळा.

४. गरज असेल तिथे काउंटरपॉइज द्या

टोकाला फीड केलेल्या प्रत्येक तारेला परतीचा मार्ग, म्हणजे काउंटरपॉइजची वेगळी तार, लागतोच. तो तुम्ही दिला नाही, तर केबलची बाहेरची जाळी, संच आणि घरातले वायरिंग मिळून तो तयार करतात आणि तिथूनच चटके सुरू होतात. अर्धलहरी तारेला लहरीच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे दोन मीटरची तार पुरते. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ टोकाला जोडून ती बाहेरच्या भिंतीवरून खाली सोडा.

ट्यूनरला थेट जोडलेली कोणत्याही लांबीची तार वापरणार असाल, तर मात्र प्रत्येक बँडसाठी पाव लहरीची एक तार लागते: ७ मेगाहर्ट्झला साधारण दहा मीटर, १४ ला पाच, २१ ला साडेतीन आणि २८ ला अडीच मीटर. या तारा खोलीच्या कडेने, स्कर्टिंगवरून फिरवल्या तरी चालतात. त्यांचे दूरचे टोक कशालाही जोडायचे नसते, आणि प्रेषणाच्या वेळी सर्वाधिक व्होल्टेज त्याच मोकळ्या टोकावर असल्यामुळे ते टेपने पूर्ण झाकून मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या वाटेबाहेर ठेवणे आवश्यक आहे.

५. केबल निवडा आणि नीट खोलीत आणा

७ मेगाहर्ट्झवर तीस मीटर आरजी-५८ मध्ये साधारण सव्वा डेसिबल हानी होते, ती सोसण्यासारखी आहे. त्याच केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला सहा डेसिबलच्या आसपास जातात, म्हणजे पन्नास वॅटमधले बारा-तेरा वॅट गच्चीवर पोहोचतात. म्हणून एचएफसाठी (७ ते २८ मेगाहर्ट्झसारख्या बँडसाठी) आरजी-५८ चालेल. व्हीएचएफसाठी (१४५ मेगाहर्ट्झसारख्या बँडसाठी) गच्चीपर्यंत केबल न्यायची असेल तर आरजी-२१३ किंवा तिच्याहून चांगली घ्या. बाजारात टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ केबल स्वस्त मिळते, पण तिच्या अॅल्युमिनियमच्या जाळीला पीएल-२५९ चा डाख धरत नाही.

सरकत्या खिडकीच्या रुळावरून केबल आणू नका. काच रोज तिच्यावरून जाते, आवरण हळूहळू दबते आणि एक दिवस जाळी मधल्या तारेला टेकते. त्यापेक्षा भिंतीत २० मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीपुरते भोक पाडा. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे पावसाचे पाणी आत वाहणार नाही. केबलला भोकाच्या आधी बाहेरून खाली लोंबणारा एक झोल द्या, जेणेकरून केबलवरून येणारा थेंब झोलाच्या तळाशी गळून जाईल. कनेक्टर बसवलेली केबल अरुंद भोकातून जात नाही, तेव्हा आधी केबल ओवा आणि मग कनेक्टरचा डाख द्या. ड्रिल करण्यापूर्वी भिंतीत विजेची किंवा पाण्याची लाइन नाही, याची खात्री करून घ्या, आणि इमारतीच्या खांबाला किंवा तुळईला भोक पाडू नका.

बाहेरचा प्रत्येक जोड रबरी टेपने ताणून, खालून वर अर्धा-अर्धा पदर चढवत गुंडाळा आणि वरून साधी काळी टेप लावा. ही गोष्ट कोकणात आणि मुंबईत विशेष जपावी लागते. पाणी शिरलेली केबल कापून पाहिली तर चमकदार तांब्याची जाळी जोडापासून कित्येक हात आतपर्यंत काळपट-हिरवी पडलेली दिसते, कारण जाळीच्या विणीतून पाणी आपोआप पुढे ओढले जाते. एवढा तुकडा फेकण्यावाचून मग इलाज नसतो.

६. चोक बसवा

डायपोल असला तरी कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून काही प्रवाह खोलीकडे येतोच. तो अडवण्याचे काम चोक करतो, आणि वरच्या मजल्यावर चोकचे महत्त्व रॉडपेक्षा कितीतरी जास्त आहे. एफटी-२४० आकाराच्या फेराइटच्या कड्यावर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे घ्या. ७ मेगाहर्ट्झसाठी ३१ क्रमांकाचे मिश्रण चांगले. वरच्या बँडसाठी ४३ क्रमांकाचेही चालते. रंगवलेले पिवळे-लाल कडे लोहभुकटीचे असते, ते या कामाला उपयोगी नाही. दुकानदाराने दोन्ही सारखेच म्हणून सांगितले तरी घेऊ नका.

डायपोलला चोक अगदी फीडपॉइंटला बसवा. टोकाला फीड केलेल्या तारेला तो ट्रान्सफॉर्मरच्या लगेच नंतर, भिंतीबाहेर बसवा, कारण परतीच्या मार्गाचे काम आता काउंटरपॉइज करतो. त्यानंतरही यूएसबीची तार त्रास देत असेल, तर तिच्यावर फेराइटच्या चिमट्याच्या क्लिप लावा.

७. आकाशातल्या विजेचा विचार वेगळा करा

घरगुती व्यवस्था थेट पडलेल्या विजेपासून संच वाचवेल, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. आपण जवळ पडलेल्या विजेचा धक्का आणि साचलेला भार यांचा बंदोबस्त करू शकतो. गच्चीवरचा धातूचा खांब आणि केबलची जाळी किमान १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने, बाहेरच्या भिंतीवरून, कोपरे न मोडता सरळ खाली न्यावी आणि गॅस ट्यूबचा अरेस्टर (अचानक चढलेला दाब अर्थकडे वळवणारा) त्याच मार्गावर बसवावा.

सर्वांत धोकादायक सापळा इथेच आहे. अँटेनासाठी बागेत ठोकलेला रॉड इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडलेला नसेल, तर जवळ वीज पडताच जमिनीतल्या या दोन ठिकाणांत हजारो व्होल्टचा फरक पडतो. एक टोक केबलमधून आणि दुसरे सॉकेटमधून येते, आणि दोन्ही तुमच्या संचात भेटतात. म्हणून सर्व अर्थ एकमेकांना जाड वाहकाने जोडलेले असलेच पाहिजेत. हे काम, तसेच इमारतीच्या तडितरक्षकाशी करायची कोणतीही जोडणी, परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या.

महाराष्ट्रात एप्रिल ते जूनचा वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, हा विजांचा मुख्य काळ. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते, ते फोनवर ठेवा. काम संपले की केबल संचापासून काढण्याची सवय बारा महिने असू द्या. काढलेले टोक टेबलावर न ठेवता खिडकीबाहेर ठेवा आणि पॉवर सप्लायचा व संगणकाचा प्लगही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नका.

८. मोजा आणि नोंदवून ठेवा

आधी डमी लोड लावून संच व मीटर तपासा, मग अँटेना जोडा आणि कमीत कमी शक्तीवर मोजा. समजा २०.६ मीटर लांबीचा डायपोल ६.९४ मेगाहर्ट्झला सर्वांत कमी एसडब्ल्यूआर दाखवतो. २०.६ ला ६.९४ ने गुणून ७.१ ने भागले की २०.१४ येते, म्हणजे प्रत्येक हातातून २३ सेंटिमीटर कमी करायचे. लगेच कापू नका. तेवढी तार मागे दुमडून पिरगाळा आणि पुन्हा मोजा. खोलीतल्या केबलला हात लावल्यावर आकडा बदलत असेल तर लांबीशी खेळण्यापूर्वी चोक तपासा.

७.०, ७.१ आणि ७.२ मेगाहर्ट्झचे आकडे तारखेसह लॉगबुकात लिहून ठेवा. संक्रांतीनंतर तारेत अडकलेला मांजा काढताना, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर, तेच तीन आकडे पुन्हा घ्या. बँडच्या दोन्ही टोकांना एसडब्ल्यूआर पूर्वीपेक्षा चांगला दिसू लागला, तर समाधान मानू नका. पाणी शिरलेली केबल शक्ती गिळते आणि परत येणारी लहरही गिळते, म्हणून मीटर सुधारणा दाखवतो. अशा वेळी केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला मीटर आणि डमी लोड लावून तिथे किती वॅट पोहोचतात ते मोजा, आणि तूट नव्या केबलच्या अपेक्षित हानीपेक्षा जास्त निघाली तर वरचा जोड उघडून जाळीचा रंग पाहा.